दंगल शमल्यावर : शहर पोलिसांच्या कारवाईचा आढावा कसा घ्यावा

दंगल शमली की शहरात दोन कामे एकाच वेळी सुरू होतात. रस्त्यावर महापालिकेच्या गाड्या दगड, काचा आणि जळक्या टायरांच्या तारा उचलू लागतात, आणि पोलीस ठाण्यांत राहून गेलेल्या नोंदी लिहिल्या जाऊ लागतात. या दुसऱ्या कामात लबाडी असतेच असे नाही. दीड दिवस सलग उभा असलेला हवालदार प्रत्येक दगडाची वेळ वहीत टिपेल अशी अपेक्षा कोणी करू नये. मात्र आढावा घेणाऱ्याला पहिल्या दिवसापासून एक भेद काटेकोरपणे पाळावा लागतो : त्या क्षणी लिहिला गेलेला कागद कोणता, आणि शेवट काय झाला हे कळल्यानंतर लिहिला गेलेला कागद कोणता. पुढचे बहुतेक सगळे काम या एका भेदावर उभे राहते.

हे टिपण नागरी समित्या, वकील, पत्रकार आणि अभ्यासक यांच्यासाठी आहे. उदाहरणे मुख्यतः मुंबईची घेतली आहेत, कारण पोलिसांच्या कारवाईची इतकी तपशीलवार चिकित्सा आपल्याकडे फार थोड्या शहरांच्या वाट्याला आली आहे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या न्या. श्रीकृष्ण आयोगाने आपला अहवाल १६ फेब्रुवारी १९९८ रोजी सादर केला. म्हणजे पाच वर्षे लागली, आणि मधल्या काळात, जानेवारी १९९६ मध्ये, राज्य सरकारने तो आयोगच गुंडाळला होता व मे महिन्यात पुन्हा उभा केला. याउलट न्या. दाऊद आणि न्या. होस्बेट सुरेश या दोन निवृत्त न्यायमूर्तींनी नागरिकांच्या पुढाकाराने केलेल्या चौकशीचा अहवाल १९९३ मध्येच हाती आला. सरकारी आयोगाला साक्षीदार बोलावण्याचा आणि कागद मागवण्याचा अधिकार असतो, नागरी समितीला तो नसतो. पण वेळेवर पोहोचण्याची मुभा तिच्याकडेच असते, आणि ती दवडू नये.

प्रश्न आधी ठरवा

दंगल कोणी सुरू केली, हा प्रश्न आढाव्याच्या पहिल्या पानावर येऊ देऊ नये. तो महत्त्वाचा आहे, पण त्याचे उत्तर शोधता शोधता समित्या दुभंगतात आणि पोलिसांविषयीचा प्रश्न बाजूला पडतो. पोलिसांनी काय करायला हवे होते हे सुरुवात कोणी केली यावर फारसे अवलंबून नसते. दगड कोणाचाही असो, जमावाला पांगण्याचा हुकूम दिला होता का, बळ किती वापरले, मदतीच्या हाकेला कोण किती वेळात पोहोचले, अटक कोणाला झाली आणि कोणाला झाली नाही, हे प्रश्न तसेच राहतात.

आढाव्याची कक्षा एका वाक्यात लिहून काढावी : कोणती हद्द, कोणत्या तारखेच्या किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, आणि कोणती दले. शेवटचा मुद्दा अनेकांच्या लक्षात येत नाही. ‘पोलीस’ असे आपण सरसकट म्हणतो, पण चौकात उभी असलेली तुकडी स्थानिक ठाण्याची असेल, सशस्त्र विभागाची असेल किंवा राज्य राखीव पोलीस दलाची असेल, आणि प्रत्येकीची हुकुमाची साखळी वेगळी असते. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ज्या गोळीबारात दहा जण मारले गेले, तो राज्य राखीव दलाच्या तुकडीने केला होता. पंतनगर पोलीस ठाण्याचे कागद कितीही बारकाईने वाचले तरी त्या तुकडीच्या शस्त्रांचा हिशेब तेथे सापडणार नाही.

कक्षेत राजकीय नेतृत्व घ्यायचे की नाही, हेही आधीच ठरवावे. माझ्या मते घ्यावे, पण हुकुमापुरतेच. श्रीकृष्ण आयोगाने तत्कालीन राजकीय नेतृत्वाच्या डळमळीतपणावर आणि पोलीस आयुक्तांना मिळालेल्या परस्परविरोधी आदेशांवर बोट ठेवले होते. ‘वरून हुकूम नव्हता’ हे वाक्य प्रत्येक दंगलीनंतर ऐकू येते, आणि ते खरे आहे की सोयीचे, हे वरच्याकडे पाहिल्याशिवाय कळत नाही.

पहिला पंधरवडा

सर्वांत आधी नाहीसे होते ते चित्रीकरण. दुकानांचे आणि गृहनिर्माण संस्थांचे कॅमेरे काही दिवसांनी जुन्या चित्रणावर नवे चित्रण चढवतात. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात दारोदार फिरून प्रती घ्याव्या लागतात. प्रत घेताना मूळ यंत्राचा फोटो, त्या यंत्रावर त्या क्षणी दिसणारी वेळ आणि आपल्या मोबाइलवरची वेळ, हे तिन्ही टिपून ठेवावे. एका आढाव्यात मी हे केले नव्हते. औषधाच्या दुकानातला कॅमेरा अकरा मिनिटे पुढे धावत होता, आणि लाठीमार आधी झाला की दगडफेक आधी, या प्रश्नावर आम्ही दोन आठवडे उलट्या समजुतीत काढले. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात दाखल करताना प्रमाणपत्र जोडावे लागते आणि त्यात त्या फाइलचा हॅश, म्हणजे तिचा अंकी ठसा, नमूद करावा लागतो. तो प्रत घेतल्या दिवशीच काढून ठेवलेला बरा.

सरकारी चित्रीकरण आणि नियंत्रण कक्षातील ध्वनिमुद्रणे आपल्या हाती लगेच येणार नाहीत, पण ती जपून ठेवावीत असे पत्र पोलीस आयुक्तांना पहिल्या दोन-तीन दिवसांत पोच घेऊन द्यावे. पत्रात चौक, तारीख आणि वेळ स्पष्ट लिहावी. पोलीस ठाण्याच्या आतील चित्रीकरणाबाबत सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० च्या निकालात ते शक्यतो अठरा महिने आणि कमीत कमी एक वर्ष टिकवावे असे सांगितले आहे. पकडून आणलेल्यांना कोठडीत मारहाण झाल्याची तक्रार असेल तर पत्रात या निकालाचा उल्लेख करावा. उत्तर बहुधा येत नाही. पण पुढे ‘चित्रण नष्ट झाले’ असे सांगितले गेले, तर ते पत्र मिळाल्यानंतर नष्ट झाले की आधी, हा प्रश्न तुमच्या पोचेच्या कागदावरून विचारता येतो.

याच पंधरवड्यात रुग्णालये गाठावीत. जखमींचे केस पेपर, जखमांचे दाखले आणि शवविच्छेदनाचे अहवाल हे पोलिसांच्या हातून न गेलेले, त्याच दिवशी लिहिलेले कागद असतात. जखमी किंवा मृताचे नातेवाईक ते मागू शकतात; समितीने त्यांना अर्ज लिहून द्यावा आणि सोबत जावे, स्वतःच्या नावाने मागू नये.

माहितीचा अर्ज

महाराष्ट्रात माहिती अधिकाराचा अर्ज एका विषयापुरता आणि दीडशे शब्दांच्या आत बसवावा लागतो, त्यामुळे ‘दंगलीसंबंधी सर्व कागदपत्रे’ असा अर्ज करण्यात अर्थ नाही. प्रत्येक नोंदवहीसाठी वेगळा अर्ज, दहा रुपयांचे न्यायालयीन शुल्क मुद्रांक लावून, त्या त्या जन माहिती अधिकाऱ्याकडे करावा. मजकूर साधारण असा असावा :

‘विषय : अमुक पोलीस ठाण्याची दैनंदिनी. कालावधी : अमुक तारखेच्या सकाळी ६ पासून दुसऱ्या दिवशीच्या सकाळी ६ पर्यंत. माहितीचे वर्णन : वरील कालावधीतील ठाणे दैनंदिनीच्या सर्व नोंदींच्या साक्षांकित प्रती, प्रत्येक नोंद संगणकात केव्हा भरली गेली त्या वेळेसह. एखादा भाग देता येत नसल्यास कलम १० प्रमाणे तो वगळून उर्वरित भाग द्यावा व वगळण्याचे कारण आणि कलम कळवावे.’

यातला ‘नोंद केव्हा भरली गेली’ हा तुकडा गाळू नये. घटनेची वेळ सायंकाळी सहाची आणि नोंद भरल्याची वेळ दुसऱ्या दिवशी दुपारची असेल, तर तो कागद नंतरचा आहे. खोटा नव्हे, पण नंतरचा. अशाच पद्धतीने नियंत्रण कक्षाची कॉल-नोंद, बिनतारी संदेशांची नोंदवही, बंदोबस्ताचा आदेश, शस्त्र आणि काडतुसांची नोंदवही, आणि जमावबंदीचे आदेश मागवावेत.

नकार बहुधा कलम ८(१)(ज) खाली येतो, म्हणजे तपासात अडथळा येईल म्हणून. तपास चालू आहे एवढेच सांगणे पुरेसे नाही, ही माहिती दिल्याने अडथळा कसा येईल ते सांगावे लागते. पहिल्या अपिलात हाच मुद्दा घ्यावा आणि ते अपील तीस दिवसांच्या आत करावे. गुप्तवार्तेचे काम करणाऱ्या ज्या शाखांना सरकारने अधिसूचना काढून कायद्यातून वगळले आहे, त्यांच्या बाबतीतही मानवी हक्कांच्या भंगाचा आरोप असेल तर कलम २४(४) ची वाट माहिती आयोगामार्फत खुली राहते. ती लांबची आहे.

मिनिटांची वही

आता आढाव्याच्या गाभ्याकडे येऊ. एक मोठी तक्त्याची वही करावी आणि तिला चार रकाने आखावेत : घड्याळाची वेळ, काय घडले, ते पोलिसांपैकी कोणाला केव्हा कळले, आणि त्यावर काय हुकूम सुटला. पाचवा अरुंद रकाना कागदाच्या जातीसाठी ठेवावा. त्यात ‘तेव्हाचा’ किंवा ‘नंतरचा’ एवढेच लिहायचे. दुसरा आणि तिसरा रकाना वेगळे ठेवण्याला फार महत्त्व आहे. नंतर सगळे माहीत असलेल्या माणसाने आधी काहीच माहीत नसलेल्या माणसाच्या निर्णयाला नावे ठेवणे सोपे असते, आणि पोलिसांची बाजू मांडणारा वकील नेमके याच जागी बोट ठेवतो. गल्लीत दुकान पेटले ते ७.१० ला, नियंत्रण कक्षात फोन आला ७.२५ ला, आणि गाडी निघाली ८.४० ला, असे असेल, तर पहिल्या पंधरा मिनिटांचा जाब कोणालाच विचारता येणार नाही, पण पुढच्या सव्वा तासाचा विचारता येईल.

वही भरताना फोन करणाऱ्यांकडून सुरुवात करावी, पोलिसांकडून नव्हे. ज्यांनी मदतीसाठी फोन केला त्यांच्या मोबाइलमध्ये त्या कॉलची वेळ आणि कालावधी असतो. अशा वीस-पंचवीस माणसांच्या फोनची पडद्यावरची चित्रे जमली, की नियंत्रण कक्षाची नोंद हाती येण्याआधीच अर्धा तक्ता उभा राहतो, आणि ती नोंद आल्यावर त्यात कोणते फोन चढलेच नाहीत हेही दिसते. न चढलेला फोन हा आढाव्यातला सर्वांत बोलका पुरावा असतो.

फोनला काय उत्तर मिळाले, तेही शब्दशः लिहून घ्यावे. १९९२-९३ मध्ये मदत मागणाऱ्यांना, विशेषतः मुसलमानांना, पोलिसांकडून जो थंड प्रतिसाद मिळाला त्याची श्रीकृष्ण आयोगाने कठोर शब्दांत नोंद केली. त्यातले एक उत्तर असे होते की नेमलेली जागा सोडून येता येत नाही. हे उत्तर ऐकताना संताप होतो, पण आढावा घेणाऱ्याने संतापाच्या आधी बंदोबस्ताचा आदेश काढून पाहावा. त्या शिपायाला खरोखरच अमुक देवळासमोर किंवा मशिदीसमोर स्थिर उभे राहण्याचा हुकूम होता का? असल्यास तो ठिय्या कोणी आखला, आणि फिरती गस्त का ठेवली नाही? हुकूमच तसा असेल, तर दोष आराखडा करणाऱ्याचा. नसेल, तर त्या शिपायाचा आणि त्याच्यावर लक्ष न ठेवणाऱ्याचा. तेच वाक्य दोन वेगळ्या निष्कर्षांकडे नेते, आणि निवाडा कागदावर होतो.

बिनतारी संदेशांच्या ध्वनिफिती मिळाल्या तर समितीतल्या दोघांनी त्या वेगवेगळ्या बसून ऐकाव्यात आणि आपापली टिपणे नंतर ताडून पाहावीत. पोलिसांच्या बोलण्यातले संकेत समजावून सांगायला एखादा निवृत्त अधिकारी जोडीला असेल तर उत्तम. फितीवर हुकुमांइतकाच स्वरही ऐकू येतो. कोणत्या जमावाबद्दल कोणता शब्द वापरला गेला, कोणत्या वस्तीतून आलेल्या हाकेला उलट प्रश्न विचारले गेले, हे नोंदवहीत कधीच उतरत नाही.

काडतुसांचा हिशेब

गोळीबार झाला असेल तर त्याचे वेगळे प्रकरण करावे. कायदा थोडक्यात असा : बेकायदा जमावाला पांगण्याचा हुकूम आधी द्यावा लागतो, तो न मानल्यास बळ वापरता येते, आणि हा हुकूम कार्यकारी दंडाधिकारी, ठाण्याचा प्रभारी अधिकारी किंवा त्याच्या अनुपस्थितीत किमान उपनिरीक्षक दर्जाचा अधिकारी देऊ शकतो. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतले कलम १२९ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४८ झाले आहे. १ जुलै २०२४ पूर्वीच्या घटनेचा आढावा असेल तर जुनीच कलमे लिहावीत. ‘जमावबंदी लागू होती’ एवढ्यावर थांबणारे समर्थन स्वीकारू नये. मुंबईत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालचे आदेश वेळोवेळी पुन्हा पुन्हा निघत असतात, आणि सर्वसाधारण बंदी म्हणजे त्या चौकातल्या त्या माणसांना दिलेला पांगण्याचा इशारा नव्हे.

हिशेब मात्र वाण्याच्या वहीसारखा करावा. प्रत्येक शस्त्रामागे सकाळी किती काडतुसे दिली, संध्याकाळी किती परत आली, किती रिकाम्या पुंगळ्या जमा झाल्या, आणि गोळीबाराच्या अहवालात किती फैरी लिहिल्या, हे चार आकडे शेजारी शेजारी मांडावेत. ते जुळले तर चांगलेच. न जुळल्यास फरक कोणत्या शस्त्रात आहे ते लिहावे आणि तर्क करू नये. मग शवविच्छेदनाचे अहवाल उघडावेत : गोळी कंबरेच्या वर लागली की खाली, समोरून की पाठीमागून. पाठीत लागलेली गोळी पळणाऱ्या माणसाला लागलेली असू शकते, आणि चाल करून येणाऱ्या जमावावर नाइलाजाने गोळी झाडली असे अहवालात म्हटले असेल तर या दोन कागदांची गाठ घालून देणे हे आढाव्याचे काम आहे.

मृतांची नुसती बेरीज पुरेशी नसते. श्रीकृष्ण आयोगाने मोजलेल्या ९०० मृत्यूंची कारणवार फोड अशी आहे : पोलिसांच्या गोळीबारात ३५६, भोसकाभोसकीत ३४७, जाळपोळीत ९१, जमावाच्या हल्ल्यात ८०, खासगी गोळीबारात २२ आणि इतर कारणांनी ४. नऊशे हा आकडा दंगलीची भीषणता सांगतो. ३५६ हा आकडा पोलिसांना विचारायचा प्रश्न सांगतो, आणि ३४७ हा दुसरा, उलट दिशेचा प्रश्न सांगतो : भोसकाभोसकी चालू असताना गल्लीबोळांत पोलीस कोठे होते? आपल्या आढाव्यातही अशीच फोड करावी आणि तिचे धर्म, जात, वस्ती व तारीख यांप्रमाणे पुन्हा भाग पाडावेत. आकडे लहान असतील तर टक्केवारी काढू नये. सहा मृत्यूंची टक्केवारी काढणे हास्यास्पद दिसते.

‘आमच्यावर आधी गोळीबार झाला’ हा बचाव तपासण्याची रीत ठरलेली आहे. पोलिसांच्या बाजूला गोळीच्या जखमा आहेत का, गाड्यांवर आणि समोरच्या भिंतींवर खुणा आहेत का, झडतीत तशी शस्त्रे सापडली का? ९ जानेवारी १९९३ च्या सुलेमान उस्मान बेकरीतल्या कारवाईबाबत आयोगाने पोलिसांचे असेच म्हणणे पुराव्याअभावी नाकारले. मात्र पुढे फौजदारी खटल्यात वरिष्ठ अधिकारी दोषमुक्त झाले, हेही त्याच परिच्छेदात लिहायला हवे. चौकशीतला ठपका आणि न्यायालयातली शिक्षा यांना लागणारा पुरावा सारखा नसतो, आणि आपल्या अहवालाची भाषा पहिल्याच्या मर्यादेत राहिली पाहिजे.

जागेवर जाणे

कागद कितीही वाचले तरी मोजपट्टी घेऊन जागेवर गेल्याशिवाय आढावा पुरा होत नाही. रमाबाई नगराच्या प्रकरणात पोलिसांचा बचाव असा होता की जमाव गॅसचे टँकर पेटवायला निघाला होता आणि गोळीबार केला नसता तर अनर्थ झाला असता. हा बचाव ऐकायला बिनतोड वाटतो. पण तो तपासायला तत्त्वचर्चा लागत नाही. टँकर कोठे उभे होते, जमाव कोठे होता, तुकडी कोठे होती आणि मृत माणसे कोठे पडली, हे चार बिंदू नकाशावर टाकले की पुरे. न्या. गुंडेवार आयोगाने टँकरची ही कहाणी स्वीकारली नाही आणि गोळीबार असमर्थनीय ठरवला; तुकडीचे नेतृत्व करणाऱ्या उपनिरीक्षकाला सत्र न्यायालयाने २००९ मध्ये जन्मठेपेची शिक्षा सुनावली.

म्हणून जाताना घटनेच्याच वेळेला जावे. सकाळी सातचा रस्ता दुपारी बारा वाजता पाहू नये. उजेड वेगळा, फेरीवाले वेगळे, रहदारी वेगळी. पोलीस जेथे उभे होते तेथे उभे राहून त्यांना काय दिसले असेल ते आधी पाहावे, मग गल्लीच्या तोंडाशी जाऊन तिकडून पाहावे. अंतर पावलांनी नव्हे तर फितीने मोजावे. इशारा ध्वनिक्षेपकावरून दिला असे म्हटले असेल तर तो कोणत्या गाडीवर होता, आणि गल्लीच्या आतल्या घरांत तो ऐकू गेला का, हे तिथल्या बायकांना विचारावे. पुरुष बाहेर होते म्हणून सांगतात ते दिसलेले असते, आणि घरात होत्या त्या सांगतात ते ऐकलेले असते. दोन्ही लागते.

जमावाला पांगण्यासाठी वाट होती का, हे जागेवरच कळते. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात विधिमंडळाच्या अधिवेशनावर आलेल्या गोवारी मोर्चात लाठीमारानंतर झालेल्या चेंगराचेंगरीत ११४ जण मेले, त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. तेथे एकही गोळी चाललेली नव्हती. न्या. दाणी आयोगाने कोणाला दोषी धरले नाही, पण आढावा घेणाऱ्याने त्यातून एक प्रश्न उचलावाच : अडथळे लावताना माघारीचा रस्ता कोणी आखला होता?

संयम की हयगय

पोलिसांनी बळ वापरले नाही म्हणजे चांगले केले, असे गृहीत धरू नये. आणि वापरायला हवे होते असेही नाही. ११ ऑगस्ट २०१२ रोजी आझाद मैदानावरील सभेनंतर हिंसाचार झाला, दोघांचा मृत्यू झाला, पोलीस आणि महिला पोलिसांवर हल्ले झाले, माध्यमांच्या गाड्या जाळल्या गेल्या. पोलिसांनी मोठा गोळीबार टाळला. याला कोणी संयम म्हटले, कोणी बोटचेपेपणा, आणि पंधरवड्याच्या आत पोलीस आयुक्तांची बदली झाली. अशा घटनेचा आढावा दोन तुकड्यांत घ्यावा. जमाव किती येईल याचा अंदाज कशावरून बांधला आणि तो चुकल्याचे केव्हा कळले, हा एक तुकडा. जमाव बिथरल्यानंतर काय केले, हा दुसरा. पहिल्यात हयगय आणि दुसऱ्यात शहाणपण, असे एकाच दिवशी असू शकते. एका वाक्यात दोन्हींचा निकाल लावणारा अहवाल पोलिसांनाही काही शिकवत नाही.

पोलिसांशी बोलणे

बहुतेक नागरी समित्या येथे कमी पडतात. बोलावल्यावर ते येणार नाहीत, असे गृहीत धरून त्या बोलावतच नाहीत. पत्र लिहावे, वेळ द्यावा, आणि कामावर असलेले बोलले नाहीत तर निवृत्तांशी बोलावे. शिपायांना विचारायचे प्रश्न साधे असतात : शेवटचे झोपलात केव्हा, जेवण कोणी आणि केव्हा पोहोचवले, ढाल आणि शिरस्त्राण मिळाले होते का, हुकूम कोणाकडून आला, तो शब्दशः काय होता. उपाशी आणि थकलेल्या तुकडीचा हात लवकर उठतो. यातून दोष माफ होत नाही, पण तो शिपायावरून वर सरकतो.

ज्यांच्यावर ठपका येणार आहे त्यांना तो प्रसिद्ध होण्याआधी कळवून त्यांचे म्हणणे मागवावे. चौकशी आयोग अधिनियम, १९५२ च्या कलम ८ब प्रमाणे आयोगावर हे बंधन आहे. नागरी समितीवर नाही, पण तिनेही ते पाळावे आणि आलेले उत्तर परिशिष्टात पूर्ण छापावे. शेवटच्या मसुद्यात ‘क्रूर’, ‘अमानुष’ असली विशेषणे शोधून काढून टाकावीत. वेळ, अंतर आणि फैरींची संख्या लिहिली असेल तर ती विशेषणे वाचकाच्या मनात आपोआप येतात.

दंगलीनंतरचा तपास

कारवाई दंगलीच्या रात्री संपत नाही, तेव्हा आढावाही तेथे थांबवू नये. किती फिर्यादी नोंदल्या, किती फिर्यादींत आरोपी ‘अनोळखी जमाव’ म्हणून लिहिले, नावे देऊनही ती कोठे गाळली, आणि किती प्रकरणे ‘अ’ समरी, म्हणजे गुन्हा खरा पण छडा लागला नाही, म्हणून मिटवली, याचा ठाणेवार तक्ता सहा महिन्यांनी आणि पुन्हा दोन वर्षांनी करावा. १९७० च्या भिवंडी दंगलीची चौकशी करणाऱ्या न्या. मदन आयोगाला तपासासाठी नेमलेल्या खास पथकाचे कामच पक्षपाती आढळले होते. भिवंडीची पुढची गोष्टही लक्षात ठेवण्याजोगी आहे : तेथे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी उभ्या केलेल्या मोहल्ला समित्यांमुळे १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना ते शहर शांत राहिले असे मानले जाते. दंगल का झाली नाही, याचाही आढावा घेता येतो, आणि तो कोणी घेत नाही.

अहवालाचे पुढे काय होईल, याचा भरवसा नसतो. सरकारी आयोगाचा अहवाल सहा महिन्यांत कृती अहवालासह विधिमंडळापुढे ठेवावा लागतो. श्रीकृष्ण अहवाल ऑगस्ट १९९८ मध्ये ठेवला गेला तेव्हा तत्कालीन सरकारने त्याचे मुख्य निष्कर्षच फेटाळले. अहवालात ३१ पोलिसांवर ठपका होता. तरीही तो अहवाल वाया गेला नाही. ४ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या दंगलींविषयीच्या याचिकेवर निकाल दिला तेव्हा चर्चेत पुन्हा तीच आकडेवारी होती : ९०० मृत, १६८ बेपत्ता, आणि निष्क्रिय फायलीत पडलेले ९७ खटले. बेपत्तांपैकी ६० जणांच्या कुटुंबांना भरपाई मिळाली होती. उरलेल्या १०८ जणांच्या वारसांना ती मिळाली नव्हती, कारण पत्ते सापडत नव्हते किंवा कागदपत्रे अपुरी राहिली होती, आणि तीस वर्षांनी त्यांचा शोध घेण्यासाठी न्यायालयाला समिती नेमावी लागली.

यासाठी आढाव्याला एक न छापायचे परिशिष्ट ठेवावे. त्यात प्रत्येक मृताचे, जखमीचे आणि बेपत्ताचे पूर्ण नाव, तेव्हाचा पत्ता, मूळ गाव आणि तालुका, गावाकडच्या एका नातेवाइकाचा फोन, आणि रेशनकार्ड ज्या दुकानाला जोडले आहे त्या दुकानाचा क्रमांक लिहावा. जळालेल्या वस्तीतला माणूस मुंबईतला पत्ता सोडून जातो, पण त्याचे गाव बदलत नाही. संबंधितांची संमती घेऊन या परिशिष्टाच्या दोन प्रती सीलबंद करून दोन वेगळ्या जागी ठेवाव्यात, आणि त्या कोठे आहेत हे समितीतल्या किमान तिघांना माहीत असावे.